तीन पात्यांची फट

शनिवारी दुपारी कापूस बाजाराच्या फाटकापाशी उद्धवनं मोटरसायकलच्या किकवर पाय ठेवला आणि पाय सरळ खाली गेला. जिन्याला आणखी एक पायरी आहे असं धरून चालावं आणि ती नसावी, तसं झालं. गुडघ्याला हिसका बसला. एरवी या गाडीची किक पायाला उलट उत्तर द्यायची. आतली हवा दाबली जायची, पोटरीला तटून राहायची, नाठाळ बैलासारखी क्षणभर अडून मग सुटायची. आज तिथं कोणी नव्हतंच. त्यानं पुन्हा मारली, पुन्हा मारली. दर वेळी सायलेन्सरमधून, कोणी दातांतून सोडावी तशी, हवा तेवढी आली. फाटकात कापसाच्या गाड्या एकामागे एक लागल्या होत्या. गाडीवान खाली उतरून विड्या ओढत हा तमाशा बघत होते. ज्याच्या तराजूला उद्धवनं अर्ध्या तासापूर्वीच नापास केलं होतं तो अडत्या ओट्यावरून मोठ्यानं म्हणाला, "आज साहेबाचंच माप कमी भरून राह्यलं बे!" सगळे हसले. उद्धवही हसला. वजनमापाच्या इन्स्पेक्टरला बाजारात कोणी चहासुद्धा मनापासून पाजत नाही. निदान हसावं तरी त्यांच्याबरोबर, असं त्याला नोकरीच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. मग त्यानं हॅन्डल धरलं आणि ती अवजड गाडी मैलभर ढकलत घरी आणली.

ढकलताना माणसाला विचार करायला भरपूर वेळ मिळतो, आणि त्याला तो नको होता. खिशात ऑप्शनचा फॉर्म होता. सोमवारी अकराच्या आत कचेरीत द्यायचा होता, कारण गुरुवारी, म्हणजे एक नोव्हेंबरला, हैदराबाद राज्य नावाची गोष्ट शिल्लक राहणार नव्हती. मराठवाडा मुंबईकडे, कानडी मुलूख म्हैसूरकडे, आणि आदिलाबाद आंध्राकडे. आदिलाबादेतलाही राजुरा तालुका आणि आणखी थोडा मुलूख तोडून मुंबईकडे, आणि उद्धवचं मूळ गाव राजुऱ्यात. म्हणजे गाव तिकडे आणि घर इकडे, आदिलाबादेत. मराठी नोकरांनी लिहून द्यायचं होतं, कुठं जाणार. उद्धवनं लिहिलं होतं. टाइप केलेल्या इंग्रजी ओळीखाली, स्वच्छ अक्षरात, शाईनं: मुंबई राज्य. पेन्सिलीनं त्यानं आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. गाडी ढकलताना फॉर्मची घडी छातीवर कुरकुरत होती, आणि तेवढाच आवाज ऐकत बराच वेळ चालल्यावर त्याच्या लक्षात आलं, की दुसरा एक आवाज कितीतरी दिवसांत त्यानं ऐकलेला नाही.

तो टॅपेटचा आवाज. पोलिस ॲक्शननंतर सिकंदराबादेला लष्कराच्या जुन्या गाड्या निघाल्या तेव्हा ही बीएसए त्यानं घेतली, आणि पहिल्या दिवसापासून तिला ही टिकटिक होती. इंजिनच्या फटफटीच्या आड, बारीक, नेमकी, शिवणयंत्रासारखी. ती कशाची हे त्यानं पुस्तकातून शोधून काढलं होतं. सिलिंडरच्या कडेला दोन व्हॉल्व्ह उभे असतात, एक आत घेणारा, एक बाहेर टाकणारा. दोघांच्या पायाखाली एकेक टॅपेट, वेळ झाली की खालून ढकलून व्हॉल्व्ह उघडणारा. व्हॉल्व्हची दांडी आणि टॅपेट यांच्यात थोडी फट ठेवावी लागते. इंजिन तापलं की दांडी लांबते, तिला लांबायला जागा पाहिजे. ही फट भरून काढताना टॅपेट दांडीवर आपटतो, तीच टिकटिक. उस्मानियात बी.एस्सी.ला हा धडा त्यानं उर्दूत शिकला होता. हरारत म्हणजे उष्णता, इंबिसात म्हणजे प्रसरण. उर्दूतून पदार्थविज्ञान शिकलेली त्याची बहुधा शेवटची तुकडी. परीक्षा दिली आणि काही महिन्यांत ते शब्द कोणाच्याच कामाचे राहिले नाहीत. नोकरीच्या मुलाखतीत त्यानं 'इंबिसात' म्हटलं तेव्हा समोरचा नवा अधिकारी इतका सौजन्यानं हसला होता की उद्धवला आपण वारलेल्या माणसाचा निरोप घेऊन आल्यासारखं वाटलं. अजूनही त्याला उष्णतेचा विचार करायचा झाला की तो आधी उर्दूत यायचा. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. फक्त वडिलांना ठाऊक होतं, कारण वडिलांचंही तसंच होतं. वामनराव तर स्वप्नातसुद्धा उर्दूत दस्तऐवज वाचायचे.

वामनराव तीस वर्षं कचेरीत दफ्तर सांभाळत होते. तालुकदार आले, तालुकदार गेले, तालुकदाराचा कलेक्टर झाला, कागदांची भाषा बदलली, तसे एके दिवशी तेही निवृत्त झाले. पण जमिनीच्या जुन्या कागदांची भाषा कशी बदलणार? गावोगावचे लोक सेतवारीची नक्कल, बांधाचा निवाडा असलं काहीबाही फडक्यात बांधून त्यांच्या ओसरीवर यायचे, आणि त्यांचे हे मुन्शीजी ते चष्म्याजवळ धरून मोठ्यानं वाचायचे, मराठीत उलगडून सांगायचे, वर स्वतःचं मतही द्यायचे. मत द्यायला त्यांना कागद लागायचाच असं नाही. भाजीत मीठ, सुनेचं वाचन, रेल्वेची वेळ, राज्याच्या नव्या सीमा, सगळ्यांवर त्यांचं म्हणणं असायचं. राजुरा तिकडे जाणार ही बातमी फुटली तेव्हापासून तर जेवताना दुसरा विषयच नव्हता. एका दिवशी म्हणायचे, "गाव जिकडं, माणूस तिकडं. चाल, बांध बिस्तरा." दुसऱ्या दिवशी म्हणायचे, "तिकडं जाऊन मी काय करू? इथं चार माणसं मले वळखतात. तिकडं तं कुत्रंबी भुकल." उद्धव दौऱ्यावरून धुळीनं माखून यायचा, पाटावर बसायचा, आणि दोन्ही बाजूंचे दोन्ही युक्तिवाद एकाच माणसाकडून ऐकायचा. ऑगस्टमध्ये एकदा त्यानं हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाला, "बाबा, पुरे आता. रोज तेच. काय करायचं ते मी बघतो." आवाजसुद्धा चढवला नव्हता. वामनराव थांबले, पाणी प्याले, आणि उठले. त्यानंतर तो विषय निघाला नाही. उद्धवला हलकं वाटलं होतं. म्हातारं माणूस, अखेर समजलं, असं तो बायकोला, चारुलतेला, म्हणालाही होता, आणि तिनं पुढची भाकरी थापायला घेतली होती.

टिकटिक त्याच्याही आधी गेली होती, जूनमध्ये. वामनरावांचं तेव्हा डोकं दुखायचं. सकाळी उद्धव गाडी तापवायला अंगणात चालू करून ठेवायचा, आणि ओसरीवरून ते ओरडायचे, "उद्धवा, ते टिकटिक डोस्क्यात खिळा ठोकल्यावानी होऊन राह्यली रे!" रोज. शेवटी एका रविवारी त्यानं बाजूचं झाकण काढलं. फट मोजायच्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा कुठं तरी दौऱ्यात हरवला होता, म्हणून वडिलांच्या दाढीचं एक पातं घेतलं. दाढीचं पातं इंचाच्या हजार भागांतल्या चारांएवढं, म्हणजे चार हजारांश, जाड असतं, हे त्याला माहीत होतं. बाहेर टाकणाऱ्या व्हॉल्व्हला बारा हजारांश फट पाहिजे, हेही माहीत होतं. तरी त्यानं दोन्हीकडे एकच पातं जेमतेम सरकेल एवढी फट ठेवली, आणि गाडी चालू केली. टिकटिक नाहीशी झाली होती. इंजिन नुसतं गुरगुरत होतं, पोट भरलेल्या मांजरासारखं. ज्या हातानं तो तालुक्यातल्या प्रत्येक मणाच्या वजनावर शिक्का मारायचा त्याच हातानं त्यानं हे केलं होतं, आणि त्या दिवशी त्याला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

रविवारी सकाळी डोमाजी मिस्त्री आला. जिनिंगच्या इंजिनवर पंधरा वर्षं काढलेला, त्याआधी बेल्लमपल्लीच्या कोळशाच्या खाणीत पंपावर. हातांच्या रेघांत काळं कायमचं बसलेलं. गाडीला त्यानं आधी हात लावला नाही. उकिडवा बसला, तंबाखू मळली, आणि म्हणाला, "किक मारा, साहेब." उद्धवनं मारली. डोमाजीनं मान हलवली. "आतून बाहीर हवा पळून राह्यली. बाहीरचा वाल जळला आसंल. आवाज कवा बंद झाला?"

"कसला?"

"टॅपेटाचा. दुसरा कसला ऱ्हायते?"

"जूनमध्ये," उद्धव म्हणाला. मग, खोटं सांगायची सवय नसल्यामुळं, "मीच केला बंद."

डोमाजीनं तंबाखू दाढेखाली ठेवली आणि त्याच्याकडे निरखून पाहिलं. शिकलेला माणूस विहिरीत डोकावताना पडला तर गावकरी पाहतात तसं. "तुमी केला? जाणूनबुजून?" मग तो हसू लागला, खोकू लागला. "आरे बापा! साहेब, बोलते टॅपेट कधी वाल जाळत नाई. मुकं झालं का समजावं, आत आग लागली. आवाज बंद झाला त्याच दिवशी बलवाचं होतं मले. तुमी चार महिने खुशीत फिरले!"

ओसरीवर वामनराव बसले होते. हे सगळं त्यांच्या कानांवर जात होतं. ते समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. जूनमधले वामनराव असते तर एव्हाना मिस्त्रीच्या बाजूनं तीन आणि विरोधात दोन मुद्दे मांडून झाले असते, असं उद्धवच्या मनात आलं. ते त्यानं बाजूला सारलं आणि स्पॅनर हातात घेतला.

हेड निघालं. आतली काजळी कोरडी, करडी होती. डोमाजीनं दोन पेचकसांनी स्प्रिंग दाबून धरली, उद्धवनं खालची लॉकं काढली, आणि व्हॉल्व्ह वर उचलून तळहातावर घेतला. लोखंडाच्या अळंब्यासारखी ती वस्तू, जड, अजून तेलकट. तिच्या गोल कडेला एका जागी खाच पडली होती, तांदळाच्या दाण्याएवढी, कडा पिवळट आणि खरबरीत. उद्धवनं तिच्यावरून नख फिरवलं. पुस्तकात हे वाचलं होतं, पण वाचलेलं आणि नखाला लागलेलं यांत फरक असतो. हा व्हॉल्व्ह जळत्या वायूच्या वाटेत उभा. उघडतो तेव्हा लालबुंद होतो. मिटून आपल्या गोल बैठकीवर बसतो तेव्हाच अंगातली उष्णता तो सिलिंडरला देऊ शकतो. बसणं हाच त्याचा थंड व्हायचा उपाय. त्यानं मनाशी हिशेब मांडला, थकलेलं डोकं आपोआप मांडतं तसा: नेहमीच्या वेगाला सेकंदात वीस वेळा उघडायचं, आणि दर खेपेला बसायला मिळायचा सेकंदाचा जेमतेम तिसावा भाग. तेवढ्यात निववायचं. आणि त्यानं फट बुजवल्यामुळं, तापून लांबलेली दांडी टॅपेटवर टेकलेली, व्हॉल्व्ह पुरता बसतच नव्हता. चार महिने तो बैठकीपासून केसभर वर, उभाच होता, आणि त्या केसभर जागेतून आग जात होती. बाहेर सगळं शांत. उद्धवला एकाएकी स्वतःच्या पोटऱ्या दुखत असल्याची जाणीव झाली. तो दौऱ्यावर असतो, कचेरीत असतो, बाजारात असतो. घरी येतो तेव्हाही कुठंतरी निघायच्या बेतात असल्यासारखा असतो. पूर्वी वडिलांच्या बडबडीत तासभर बसणं व्हायचं, तेही ऑगस्टपासून बंद. ताट झालं की तो उठायचा.

"पार गेला नाई," डोमाजी व्हॉल्व्ह उन्हात फिरवत म्हणाला. "घासून बसवू. खाच थोडी राहीन, पण काम निभंल. दिवाळी साजरी करा, मंग नवा मागवा." त्यानं कडेला घासायची दाणेदार पेस्ट लावली, व्हॉल्व्ह बैठकीवर ठेवला, आणि पेचकस दोन्ही तळव्यांत धरून रवी घुसळावी तसा फिरवू लागला. अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे. खर्र, खर्र. घरातून चकल्यांच्या तेलाचा वास येत होता. त्याची लहानगी मिनू आईच्या पदराला धरून पिठाच्या चिमण्या करत होती. उद्धव पाळीनं घासायला बसला, आणि त्या एकसुरी आवाजात त्याला झोप येऊ लागली. अशी झोप, की जिच्यात माणूस हात हलवत राहतो.

तेवढ्यात फाटक वाजलं. जैनथकडची बयनाबाई, डोक्यावर ऊन घेऊन, काखेत फडक्याची पुरचुंडी. उद्धव तिला ओळखत होता. वर्षात दोनदा तरी यायची, दर वेळी त्याच बांधाच्या भांडणाचा एखादा नवा जुना कागद घेऊन. ओसरीच्या कडेला बसली, पदरानं तोंड पुसलं, पुरचुंडी सोडली. "मुन्शीजी, हा येक राह्यला होता पेटीत. दीर म्हणते यात त्याचं नाव हाय. माह्या मनानं नसन. पाहा बरं."

वामनरावांनी कागद घेतला नाही. "आता वाचत नाई मी, बाई," ते म्हणाले. आवाज बारीक आणि धुळकट होता. "आमी चाललो इथून. दुसरा कोणी धुंड."

"कोठं चालले?"

"मुंबई राज्यात."

"कवा?"

"पोराले ठाव."

बयनाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग अंगणात घासत बसलेल्या उद्धवकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. "जाऊन राह्यले, तं गेले का अजून?" ती म्हणाली. "डोळे तं इथंच हायेत ना तुमचे! का तेबी आधीच रवाना केले?" डोमाजी फसकन हसला. वामनराव हसले नाहीत. ही बाई दारात बसून अशी बोलली आणि बाबांनी तिला उत्तर दिलं नाही, हे उद्धवला आपण काल किक मारली तसंच लागलं: पाय दिला आणि खाली काही नव्हतं.

पाणी प्यायचं निमित्त करून तो आत गेला. "बाबा कागद वाचत नाहीत?" त्यानं चारुलतेला विचारलं. चारुलता मुधोळच्या मास्तरांची मुलगी. बोलायची कमी, पण विचारलं तर नेमकं. तिनं झाऱ्यानं चकली उलटली. "पोळ्यापासून. पंचवीसेक माणसं परत गेली असतील. चष्मा पेटीत ठेवलाय त्यांनी, कुलूप लावून."

"मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही म्हणालात ना, अखेर समजलं त्यांना म्हणून." तिनं वर पाहिलं. तिच्या कपाळाला घामानं चिकटलेलं पीठ होतं. "मला वाटलं, तुम्हाला दिसतंय. घरात एवढं शांत झालं, अहो. मला तर पहिल्या आठवड्यातच भीती वाटायला लागली होती."

तो पाणी न पिताच बाहेर आला. व्हॉल्व्ह घासून झाला होता. डोमाजीनं वर रॉकेल ओतलं आणि खालून गळतं का ते पाहत बसला, गळालं नाही. कडेला फिरलेलं करडं वर्तुळ एका जागी किंचित तुटकं होतं, खाचेपाशी, पण बाकी अखंड. स्प्रिंग चढली, हेड बसलं, बोल्ट एकाआड एक आवळले. मग डोमाजीनं प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरला आणि उद्धवला किक हातानं सावकाश खाली दाबायला सांगितलं. अंगठा ढकलून हवा फुस्सदिशी बाहेर आली. "आता जोर हाय," डोमाजी म्हणाला. "दोनी वाल मिटले. थांबा इथंच. पाती आना."

"कसली?"

"दाढीची. पट्ट्या हरवल्या ना तुमच्या? मंग! बाहीरच्याले तीन पाती, आतल्याले दोन पाती अन् सिगरेटच्या डबीतला चांदीचा कागद."

उद्धवनं नकळत बेरीज केली. तीन चोक बारा. दोन चोक आठ, आणि कागद दोनाच्या आसपास, दहा. पुस्तकात हेच आकडे होते. या माणसाला इंच ठाऊक नव्हता, हजारांश ठाऊक नव्हता. त्याला हसू आलं. तो ओसरीवर गेला. "बाबा, तीन पाती पायजे होती." वामनरावांनी कोनाड्याकडे बोट केलं. कोनाड्यात दाढीचं सामान होतं, आणि पात्यांचं पाकीट, गेल्या महिन्यात त्यानंच आणलेलं, तसंच चिकटवलेलं. त्यानं वळून वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. गालांवर पांढरे खुंट बोटभर वाढले होते. कचेरी सुटल्यावरही पाच वर्षं एक दिवस न चुकता दाढी करणारा माणूस. हे खुंट आज उगवले नव्हते. रोज समोर होते.

फट बसवणं हे काम पाहायला गेलं तर फार लहान. एका स्पॅनरनं टॅपेट धरायचा, दुसऱ्यानं नट सैल करायचा, डोकं थोडं वर किंवा खाली फिरवायचं, मधून पाती ओढून पाहायची, पुन्हा नट आवळायचा. आवळताना माप सरकतं, म्हणून पुन्हा पाहायचं. डोमाजीनं स्पॅनर उद्धवच्या हाती दिले. "तुमी बिघडोलं, तुमीच बसवा." उद्धवनं तिन्ही पाती एकावर एक ठेवून दांडीखाली सरकवली. घट्ट. पाव फेरा. ओढली, वाकू लागली. आणखी थोडा. आता ती सरकली, किंचित धरून, नव्या वहीचं पान उलटताना बोटाला जेवढं धरतं तेवढं. नट आवळला, पुन्हा ओढून पाहिली. त्याचं तोंड इंजिनच्या इतकं जवळ होतं की धातूचा थंडपणा गालाला जाणवत होता. एवढीशी फट. उजेडासमोर धरली तरच दिसेल अशी. ही ठेवली की वाजणार, रोज सकाळी वाजणार, कोणाच्या तरी डोक्यात खिळा ठोकणार. हे त्याला जूनमध्येही माहीत होतं. माहीत असलेल्या गोष्टी तो बारा वर्षं साठवत आला होता, दोन भाषांत. आणि घरातल्या माणसाचा आवाज बंद झाल्यावर त्यानं त्याला शांतता म्हटलं होतं.

तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. आधी फटफट, मग तिच्या आडून, थोड्या वेळानं, बारीक, स्पष्ट: टिक, टिक, टिक. डोमाजीनं कान देऊन ऐकलं आणि समाधानानं हात धुवायला गेला. बयनाबाई अजून बसलीच होती, कागद मांडीवर धरून. उद्धव गाडीजवळ उभा होता. काय म्हणावं ते त्यानं मनात दोन-तीनदा जुळवलं आणि मोडलं. त्याला वाटलं, आपण काही बोललो तर ते फॉर्मसारखं होईल, टाइप केलेलं.

"वाजून राह्यली," ओसरीवरून वामनराव म्हणाले.

"हो. वाजू द्यावी म्हणतो डोमाजी."

"मंग आधी बंद काऊन केली?"

"तुमचं डोकं दुखायचं, बाबा."

वामनरावांचा आवाज मध्येच फाटला, न वापरलेल्या दाराच्या बिजागरीसारखा. "दुखत होतं म्हणून सांगत होतो. बंद कर म्हणलो का मी तुले?"

उद्धवनं खिशातून फॉर्म काढला. तेलकट अंगठ्याचा डाग घडीवर उमटला. "बाबा, हा उद्या द्यायचा आहे," तो म्हणाला. "मी भरलाय. द्यायच्या आधी तुम्हाला वाचून दाखवतो."

"इंग्रजी हाय ना?"

"मी सांगतो मराठीत."

"वाच," वामनराव म्हणाले. "पयल्यापासून वाच. मधलं गाळू नको."

तीस वर्षं या माणसानं दुसऱ्यांना कागद वाचून दाखवले होते. आता ते भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होते, आणि त्यांचं बोट गुडघ्यावर ओळीमागून ओळ सरकत होतं, उजवीकडून डावीकडे. नाव. हुद्दा. मूळ गाव. सध्याचा मुक्काम. उद्धव वाचत गेला आणि त्याला कधी नव्हे ते आपलं अक्षर फार नीटनेटकं वाटलं, दुसऱ्या कोणाचं असावं तसं. सातव्या कलमाशी बोट थांबलं.

"सोबत जाणारी माणसं. चार," उद्धवनं वाचलं.

"कोण कोण चार?"

"मी, चारू, मिनू. आणि तुम्ही."

"चौथ्याले विचारलं कवा?"

"नाही विचारलं."

"मंग थांब. इथं माहं म्हणणं हाय." वामनरावांनी डोळे उघडले. "पयलं म्हणजे, शाईनं लिहायची घाई कोणी सांगितली होती तुले? दुसरं, राजुरा का नांदेड, कुठं धाडतील त्याचा काही हुकूम हाय का? तिसरं..." तिसरं काय ते इंजिनच्या आवाजात बुडालं. स्वयंपाकघराच्या दारातून चारुलता ओरडली, "अहो, ती गाडी तरी बंद करा, काही ऐकू येत नाही!"

"राहू दे वाजत," वामनराव म्हणाले, आणि आवाज चढवला. "बयना, तूबी बस. तुहाबी पाहातो. सूनबाई, पेटीची किल्ली आन, चष्मा काढ. तं तिसरं, उद्धवा..."

तिसऱ्यानंतर चौथं होतं. चौथं पहिल्याच्या पार उलट होतं. सोमवारचे अकरा वाजायला एकवीस तास होते आणि त्यातला एकही मुद्दा शाई पुसू शकत नव्हता. नवा फॉर्म मागावा लागेल, कारण सांगावं लागेल, कदाचित पुन्हा तेच राज्य लिहावं लागेल, कदाचित दुसरं. उद्धवनं हातातल्या फडक्यानं बोटं पुसली. मग तो ओसरीच्या पायरीवर, वडिलांच्या पायांशी, खाली बसला. सकाळपासून तो असा टेकला नव्हता.